साडेसात मिनिटांची साडेसाती

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या संथपणावर लेख लिहावा, हे वाचून आमच्या शाखेचे खातेदार आधी हसतील, मग चिडतील आणि शेवटी नेहमीप्रमाणे पासबुक छापून घ्यायच्या रांगेत जाऊन उभे राहतील. त्यांचं बरोबर आहे. काचेपलीकडून दिवसभर ‘अहो, जरा लवकर’ एवढंच ऐकत बसणं हाच आमचा धंदा. पण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, आणि त्या रात्री मी दादरच्या एका हॉलमध्ये ब्रिजच्या टेबलावर बसलेला असतो. तिथं मी खातेदार असतो. समोरचा माणूस आज ना उद्या एक पत्ता खाली ठेवील, या आशेवर ताटकळत असतो. आणि तिथं ‘चौकशी’ची खिडकीसुद्धा नसते.

घरच्या पत्त्यांना घड्याळ नसतं. मे महिन्याच्या सुट्टीत जेवणं उरकली की सतरंजी पडायची, मेंढीकोट सुरू व्हायचा तो चहाचं आधण ठेवेपर्यंत चालायचा. एखादा काका हातातल्या दश्शीकडे पाहत समाधी लावून बसला, तर कुणी पंच बोलावून त्याला दंड करत नसे. फार तर आत्या म्हणायची, “टाक रे बाबा, पत्ता टाकायचाय, मुलगी द्यायची नाहीये.”

स्पर्धेतला ब्रिज हा या सतरंजीवरचा नव्हे. त्याला डुप्लिकेट ब्रिज म्हणतात. एकदा वाटलेले पत्ते पुन्हा पिसायचे नाहीत. चार खणांच्या एका चपट्या ट्रेमध्ये, म्हणजे बोर्डात, ज्याचे त्याचे तेरा पत्ते जसेच्या तसे ठेवायचे आणि तो बोर्ड दुसऱ्या टेबलावर पाठवायचा. त्यामुळे ‘मला पानंच वाईट आली’ ही तक्रार करायची सोय राहत नाही. तीच वाईट पानं दुसऱ्या टेबलावरच्या माणसालाही आलेली असतात, आणि त्यानं त्यांत तुमच्यापेक्षा एक हात जास्त केलेला असतो. पत्ते खेळायचे आणि नशिबाला दोष द्यायचा नाही, असा खेळ काढणाऱ्याचं माणसाशी काय वैर होतं, देव जाणे.

आमच्या स्पर्धेला तेरा टेबलं लागतात. टेबलाला चार, म्हणजे माणसं बावन्न. पत्तेही बावन्नच. जोकर आधीच बाजूला काढलेले असतात असं नियम सांगतो. हॉलवर एक नजर टाकली तर ते पटत नाही. उत्तर-दक्षिण जोड्या जागेवर बसून राहतात. पूर्व-पश्चिम जोड्या दर फेरीला एक टेबल वर सरकतात आणि बोर्ड एक टेबल खाली सरकतात. फेरीला दोन डाव, दोन डावांना पंधरा मिनिटं. म्हणजे एका डावाला साडेसात मिनिटं. तेरा फेऱ्यांचे झाले सव्वातीन तास.

साडेसात मिनिटांचे सेकंद साडेचारशे. तेवढ्यात बावन्न पत्ते पडायला हवेत. मी बी.कॉम. असल्यामुळे आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका पत्त्याच्या वाट्याला पुरते नऊ सेकंदही येत नाहीत. त्यातच बोली बोलायची, गुण लिहायचे, आणि ‘राणी मांडीवर ठेवून काय लोणचं घालणार होतास?’ हे भिडूला विचारायचं तेही त्यातच.

आता समजा, सात नंबरचं टेबल पाच मिनिटं मागं पडलं. सहावरची पूर्व-पश्चिम जोडी उठून सातवर येते, तर खुर्च्या भरलेल्या. ती लग्नातल्या दुसऱ्या पंगतीसारखी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहते. सातवरचे बोर्ड खाली सहावर जायचे असतात, ते अडकलेले. म्हणून सहावर नव्यानं आलेली मंडळी मोकळ्या टेबलाकडे पाहत बसतात. सातवरची जोडी आठवर जायची, तीही अडकलेली. म्हणून आठवरचे यजमान पाहुण्यांची वाट पाहतात. असा तो उशीर दोन्ही बाजूंना पसरत जातो, तुंबलेल्या मोरीसारखा. बारा टेबलांवरची अठ्ठेचाळीस माणसं गुणिले पाच मिनिटं, म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं. म्हणजे चार मनुष्यतास! तेवढ्या वेळात आमच्या शाखेतली गृहकर्जाची फाइलसुद्धा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते.

त्यात आमचा हॉल आठपर्यंत टेबलटेनिसवाल्यांकडे असतो. साडेआठला सुरू झालेली स्पर्धा पावणेबाराला संपली तर ठीक, नाहीतर वॉचमन एकेक दिवा मालवायला लागतो आणि अंबरनाथ-बदलापूरकडची मंडळी पत्त्यांपेक्षा घड्याळाकडे जास्त पाहू लागतात. शेवटची कर्जत कुणाच्या विचारासाठी थांबत नाही.

या खेळाला आजचं रूप दिलं ते हॅरल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थानं, १९२५ साली, लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाला जाणाऱ्या बोटीवर. घराणं रेल्वेमालकांचं, म्हणजे वेळापत्रकाशी पिढ्यानपिढ्यांचा संबंध. पण गृहस्थ बसले होते बोटीत. भोवती समुद्र, खिशात पैसा, उतरायची घाई नाही. त्यांना रात्री दादरहून कर्जत लोकल पकडायची असती, तर पहिल्या नियमातच घड्याळ आलं असतं.

बुद्धिबळवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच मिटवला. १८६१ साली अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं ठेवली होती, आणि १८८३ च्या लंडनच्या स्पर्धेत दोन तबकड्यांचं यांत्रिक घड्याळ आलं. ज्यानं विचार केला त्याच्या नावे वेळ पडायची. खातं वेगळं, नावे-जमा वेगळी. ब्रिजमध्ये चौघांचं मिळून एकच जॉइंट अकाउंट. कुणीही उठावं आणि वाटेल तेवढी मिनिटं काढावीत. पंधरा मिनिटांनी शिल्लक शून्य झाली, की पैसे कुणी काढले म्हणून विचारायला डायरेक्टर येतो आणि चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. मोठ्या स्पर्धांत म्हणूनच मागं पडणाऱ्या टेबलाशेजारी घड्याळ घेऊन एक माणूस बसवतात. तो बसला रे बसला, की इन्स्पेक्शनच्या दिवशी आमची शाखा जशी हलते, तसे पत्ते हलू लागतात.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळे ब्रिजवाले ‘ब्रिज बेस ऑनलाइन’वर गेले. तिथं घड्याळ यंत्राच्या हाती. वेळ संपली की डाव अर्ध्यात कापून मोकळं. पण माणूस यंत्राला कसला ऐकतो! आठवा हात अवघड दिसला, की नेमकं त्याच वेळी काहीजणांचं नेट जाऊ लागलं.

संथ खेळणारे सगळेच विचार करत असतात असं मात्र समजू नका. काहीजण नुसतेच थांबतात. मागचा डाव सुटला का सुटला नाही याची शोकसभा पुढच्या डावात चालू ठेवणारे असतात. आणि काही महाभाग असे, की मागितलेल्या रंगाचा हातात एकच पत्ता आहे, तोच टाकायचा आहे, दुसरा इलाज नाही. तरी कपाळाला आठ्या घालून छताकडे पाहतात, म्हणजे समोरच्याला वाटावं, याच्याकडे बरंच काही आहे. ब्रिजच्या कायद्यात क्रमांक ७३ नं हे सोंग चक्क गुन्हा ठरवलंय. बँकेत हा कायदा लागू नाही. नाहीतर ‘साहेब आले की बघून सांगतो’ हे वाक्य म्हणणाऱ्या आम्हा सर्वांवर केव्हाच दंड बसला असता.

पण माझा भिडू या दोन्हींत बसत नाही. तो खरोखरच विचार करतो. तीच तर पंचाईत आहे.

माझे भिडू म्हणजे आमच्या शाखेचे हेडकॅशियर. निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण हॉलमध्ये सगळे त्यांना हेडकॅशियरच म्हणतात, डायरेक्टरबाईसुद्धा. ब्रिजचा सातवा कायदा सांगतो, की पत्ते पाहण्याआधी पालथेच मोजून तेरा आहेत याची खात्री करा. सगळा हॉल हे काम अंगठ्यानं सर्रकन उरकतो. हेडकॅशियर तेरा पत्ते दोनदा मोजतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. पहिल्या दिवशी तर त्यांनी ओला स्पंज आहे का, म्हणून विचारलं होतं.

आणखी एक. अनुभवी खेळाडू चार-पाच पत्ते उरले की ते टेबलावर उघडे टाकतात, “उरलेले हात माझे” म्हणतात आणि का ते एका वाक्यात सांगतात. समोरचे मान डोलावतात. दीड-दोन मिनिटं वाचतात. याला क्लेम करणं म्हणतात. संथपणावर याच्याइतकं स्वस्त औषध नाही. पण हेडकॅशियरांनी आयुष्यात कधी क्लेम केला नाही. हातात चार हुकूम आणि समोरच्याकडे एकही नाही अशी स्थिती असली, तरी ते एकेक हुकूम टेबलावर ठेवणार आणि चारही हात पदरात पाडून घेणार. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “शेवटची नोट हाताखालून गेल्याशिवाय पाकीट बांधायचं नसतं रे.”

या वाक्यावर हसणं सोपं आहे, पण नोव्हेंबर २०१६ मध्ये मी त्यांच्या शेजारच्या काउंटरवर होतो. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या, दहा तारखेला आमची दारं उघडली आणि रांग रिक्षास्टँड ओलांडून देवळापर्यंत गेली. लोक ओरडत होते, काचेवर थापा मारत होते, मॅनेजर हात जोडत होते. हेडकॅशियर प्रत्येक पाकीट यंत्रातून काढत आणि पुन्हा हातानं मोजत. कॅश कमी आली तर ती कॅशियरला पदरची भरावी लागते. त्या पन्नास दिवसांत आमच्यातल्या एकाला साडेचार हजार रुपये घरून आणावे लागले. हेडकॅशियरांच्या पेटीत एक नोट कमी आली नाही, की एक जास्त झाली नाही. त्यांच्या रांगेतले लोक मात्र सगळ्यांत शेवटी घरी जात.

ब्रिजमध्ये या स्वभावाचं आणखी एक त्रांगडं होतं. इथं विचार करणं म्हणजे बोलणं. आणि भिडूशी बोलायला तर बंदी!

हे समजायला एक डाव सांगतो. मी बदामाची बोली सुरू केली होती, हेडकॅशियरांनी तिला दुजोरा दिला होता, प्रतिस्पर्धी इस्पिक बोलत वर चढत होते. मी चार बदामाला गेलो, डावीकडच्यानं चार इस्पिकाचं कार्ड ठेवलं. पाळी हेडकॅशियरांची. त्यांचा हात बोलीच्या पेटीकडे गेला. परत आला. चष्मा पुसला गेला. पुन्हा हात गेला, पुन्हा आला. वरचा पंखा फिरत होता, खालचे आम्ही चौघं थांबलो होतो. तीन मिनिटांनी त्यांनी पासचं हिरवं कार्ड काढलं. उजवीकडचाही पास. आता मी.

माझ्या हातात बदाम भरपूर होते; पाच बदाम बोलावं, असं माझे पत्ते म्हणत होते. हेडकॅशियरांची तीन मिनिटंही तेच म्हणत होती, कारण ज्याच्याकडे काही नसतं तो तीन मिनिटं कशाला घेईल? पत्त्यांचं ऐकायला परवानगी आहे. भिडूच्या थांबण्याचं ऐकायला नाही. कायदा १६ असा, की भिडूच्या चुळबुळीनं एखादी वाट सुचवली असेल आणि शहाण्या माणसाला दुसरीही वाट धरता येण्यासारखी असेल, तर त्या दुसऱ्याच वाटेनं जा. मी पास म्हटलं. चार इस्पिक झाले. पत्ते उघडून पाहिले तर पाच बदामाचे आमचे अकरा हात मोजून होत होते.

“पाच बदाम का नाही बोललास?” हेडकॅशियर म्हणाले.

“तुम्ही विचार केलात म्हणून.”

“म्हणजे मी विचार केला, तर तू करायचा नाहीस?”

“करायचा. पण तुम्ही केलेला वापरायचा नाही.”

“अरे, मग मी केला कुणासाठी?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याकडेही नाही. मोठ्या स्पर्धांत टेबलावर तिरका पडदा लावतात. बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेत तो १९७५ साली प्रथम आला. भिडूंना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत, खाणाखुणा होऊ नयेत म्हणून. त्याचा एक उपफायदा असा, की पडद्याखालून बोलीचा ट्रे यायला वेळ लागला, तर पलीकडे विचार आपला भिडू करत होता की त्याच्या शेजारचा प्रतिस्पर्धी, हे छातीठोक सांगता येत नाही. आमच्या क्लबापाशी खिडकीच्या पडद्याला पैसे नाहीत, टेबलाचा कुठून आणणार!

दंडही व्हायला लागला. आधी ताकीद, मग गुणांतून कापाकापी; कायदा ९० मध्ये रेंगाळण्यासाठी तशी खास तरतूदच आहे. एकदा तर वेळ संपली म्हणून बाईंनी दुसरा डाव सुरूच करू दिला नाही. दोष आमचा, म्हणून आम्हाला त्या डावाचे चाळीस टक्के, समोरच्यांना साठ. चाळीस टक्क्यांवर मी अख्खं ऑडिटिंग पास झालोय, पण इथं चाळीस म्हणजे तळाशी जायची तयारी. हेडकॅशियरांनी निकालपत्रक दोनदा तपासलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. बाईंनी बेरीजही बरोबर केलीय.”

मग समितीनं मला चहाच्या टेबलापाशी गाठलं. “वाईट वाटून घेऊ नका,” सेक्रेटरी म्हणाले, “पण एखादा तरुण भिडू पाहा ना.” वय झालं म्हणून घरी बसावं म्हणावं, तर २०१८ च्या जकार्ताच्या एशियाडमध्ये पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आणलं, एकाचं वय साठ, दुसऱ्याचं छप्पन. ज्या वयात बँक माणसाला शाल आणि नारळ देऊन जिना दाखवते, त्या वयात त्यांनी गळ्यात पदक घातलं. मी हे सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, “हो, पण ते वेळेत खेळले.” यावर काय बोलणार? निवृत्तीनंतर हेडकॅशियरांच्या महिन्यात वार उरले नव्हते; दुसरा शनिवार आणि चौथा शनिवार, एवढे दोनच दिवस होते. हे काही समितीला सांगण्यासारखं कारण नव्हे. मी ‘बघतो’ म्हटलं. बँकेत ‘बघतो’ म्हणजे काय, ते खातेदारांना ठाऊक आहे.

पण गोष्ट दंडानं हलली नाही. आमच्याकडे बदलापूरहून एक मुलगी खेळायला येते, येत होती. कुठल्याशा कंपनीत अकाउंट्सला आहे, झटपट आणि छान खेळते. एका शनिवारी पावणेबाराची स्पर्धा साडेबारावर गेली. निम्मा उशीर तरी आमच्या टेबलाचा होता. तिची शेवटची गाडी गेली. भाऊ मोटरसायकल घेऊन दादरला येईपर्यंत ती वॉचमनच्या स्टुलावर बसून होती. ती कुणाला काही बोलली नाही. पुढच्या दोन्ही शनिवारी मात्र आली नाही.

“ती बदलापूरची पोर दिसत नाही?” हेडकॅशियरांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन त्यांनी पत्ते मोजायला घेतले आणि त्या दिवशी एकदाच मोजले.

दुसऱ्या रविवारी सकाळी त्यांचा फोन. “घरी ये. काकूंनी कुकर लावलाय.” मला वाटलं जेवायला. गेलो तर जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडलेले. काकूंच्या गॅसवर, त्या आचेला कुकरची दुसरी शिट्टी साडेसात मिनिटांनी होते, हे त्यांनी तीन दिवस घड्याळ लावून ठरवलं होतं. चार जागांचे पत्ते आम्ही दोघंच खेळायचे आणि दुसऱ्या शिट्टीच्या आत डाव संपवायचा. पहिला डाव पाचव्या शिट्टीला संपला. पुढे चौथीला, मग तिसरीला. काकू आतून म्हणाल्या, “तुमचा डाव होऊ दे, पण महिनाभर या घरात आमटी पिठल्यासारखी होतेय, तेवढं लक्षात असू द्या.” महिन्याच्या शेवटी दोन शिट्ट्या आणि वर थोडी वाफ, इथवर आलो.

त्या मुलीला फोनही त्यांनीच केला. काय बोलले ते मला सांगितलं नाही.

परवाच्या चौथ्या शनिवारी ती आली. हॉल नेहमीचा, आणि आम्ही बारा फेऱ्यांत एकदाही मागं पडलो नाही. डायरेक्टरबाई दोनदा येऊन आमचं टेबल चालू आहे ना, हे पाहून गेल्या. तेराव्या फेरीला नेमकी तीच मुलगी आणि तिचा भिडू आमच्या टेबलावर. शेवटचा डाव हेडकॅशियर खेळत होते, मी डमी. पाच पत्ते उरले. हेडकॅशियरांनी आपले पत्ते पाहिले, टेबलावरचे माझे पाहिले, छताकडे पाहिलं. मी मनात शिट्ट्या मोजू लागलो. आणि त्यांनी पाचही पत्ते टेबलावर उघडे ठेवले. “उरलेले माझे. दोन हुकूम, मग चौकट वरून खाली.”

टेबलावर शांतता पसरली. मुलीच्या भिडूनं पत्त्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हेडकॅशियर क्लेम करतात म्हणजे यात काहीतरी खोच असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मुलगी टेबलावर ओणवी झाली. “काका, एकदा मोजून बघते हं,” म्हणाली आणि पडून गेलेल्या चौकटींचा हिशेब मनात करू लागली. मग हुकमांचा. मग तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. तिचा भिडू ‘गुलाम कुठाय, गुलाम कुठाय’ असं पुटपुटत होता. घंटा झाली. बारा टेबलांवरचे लोक उठून खुर्च्या सरकवू लागले आणि डायरेक्टरबाई लांबूनच ओरडल्या, “हेडकॅशियर, पुन्हा तुमचंच टेबल?”

“मोजू दे तिला, बाई,” हेडकॅशियर म्हणाले, “घाईनं मोजू नये.” आणि मग तिच्याकडे वाकून हळूच विचारलं, “तुझी गाडी कितीची आहे गं?”